मेंदूलहरींचे वाद्य: डोळ्याकडून कानाकडे

मेंदूत चालणाऱ्या विद्युत घडामोडींवरून ध्वनी आणि संगीत घडवण्याचे प्रयत्न सुरू होऊन नव्वद वर्षे उलटली आहेत. या क्षेत्राला आज ‘ब्रेन-कॉम्प्युटर म्युझिक इंटरफेसिंग’, संक्षेपाने ‘बीसीएमआय’, असे म्हणतात. डोक्याच्या त्वचेवर बसवलेल्या संवेदकांनी मेंदूचा विद्युत संकेत टिपायचा, संगणकाने त्यातला एखादा ठरावीक बदल ओळखायचा आणि त्या बदलानुसार स्वर, ताल किंवा आधी लिहून ठेवलेला संगीताचा तुकडा निवडायचा, अशी त्याची सर्वसाधारण पद्धत आहे. हात, ओठ, श्वास, कंठ यांपैकी कशाचाही आधार न घेता वाजवता येईल असे वाद्य ही त्यामागची प्रेरणा असल्यामुळे, शरीराची हालचाल जवळजवळ पूर्णपणे गमावलेल्या माणसांसाठी या वाद्याचा विचार गेल्या दोन-अडीच दशकांत गांभीर्याने होऊ लागला. तथापि या इतिहासातले प्रयोग एकापुढे एक ठेवून तपासले, तर असे दिसते की मेंदूचे म्हणून ओळखले गेलेले हे वाद्य प्रत्यक्षात बहुतेक वेळा डोळ्याने वाजवले गेले आहे. डोळे मिटणे, उघडणे, नजर सैल सोडणे, नजर एका जागी रोखणे यांच्या पलीकडे ते फार थोड्या वेळा गेले, आणि ज्यांना त्याची गरज सर्वांत अधिक होती त्यांच्यापैकी काहींना नेमका डोळाच साथ देत नव्हता.

डोळ्यावरचे हे अवलंबित्व अगदी पहिल्या नोंदींपासून आहे. 1875 मध्ये लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी ससे आणि माकडे यांच्या मेंदूतले सूक्ष्म विद्युतप्रवाह नोंदवले होते. माणसाच्या मेंदूची तशी नोंद मिळायला मात्र अर्धे शतक जावे लागले. जर्मनीतील येना येथे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करणारे हान्स बर्गर यांनी ती 1924 मध्ये मिळवली आणि आपले निरीक्षण पुन्हापुन्हा पडताळून, ज्यांची नोंद घेतली त्यांत स्वतःच्या मुलाचाही समावेश करून, 1929 मध्ये प्रसिद्ध केली. या नोंदीला इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम, म्हणजेच आज रुग्णालयांत सर्रास बोलला जाणारा ‘ईईजी’, हे नाव त्यांच्यामुळेच मिळाले. डोक्याच्या त्वचेपर्यंत पोहोचेतो या संकेताची ताकद दोन अंकी मायक्रोव्होल्टपुरतीच उरते, आणि एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. अशा क्षीण संकेतात बर्गर यांना सेकंदाला सुमारे दहा वेळा हेलकावणारी एक नियमित लय सापडली व तिला त्यांनी अल्फा म्हटले. माणूस स्वस्थ बसून डोळे मिटतो तेव्हा डोक्याच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचे काम चालते तिथे, ही लय उठून दिसते, आणि डोळे उघडताच ती मंदावते किंवा नाहीशी होते. ईईजीमध्ये साध्या डोळ्यांना ओळखू येईल असा एवढा स्पष्ट आणि माणसाच्या इच्छेने घडवून आणता येईल असा दुसरा बदल क्वचितच असल्याने, पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगाने आधी हाच धागा हाती धरला.

बर्गर यांच्या दाव्यावर त्या काळच्या शरीरशास्त्रज्ञांचा विश्वास बसत नव्हता. तो बसवला केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी, ज्यांना 1932 मध्ये नोबेल पुरस्कार मिळालेला होता. मज्जातंतूंमधून धावणारे संकेत ध्वनिवर्धकावर ऐकण्याची पद्धत त्यांच्या प्रयोगशाळेत आधीपासून रुळलेली होती, त्यामुळे सहकारी ब्रायन मॅथ्यूज यांच्यासह त्यांनी 1934 मध्ये अल्फा लयीचा अभ्यास ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला तेव्हा ती लय कागदावर रेखाटण्याबरोबर ऐकूनही पाहिली होती. मेंदूलहरींचे ध्वनीत रूपांतर करण्याचा हा पहिला नोंदला गेलेला प्रयत्न मानला जातो. दोघा संशोधकांनी स्वतःवरच प्रयोग केले आणि त्यांत आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली: एड्रियन यांची अल्फा लय ठसठशीत होती, तर मॅथ्यूज यांच्या डोक्यावरून ती जेमतेमच मिळत होती. निरोगी माणसांतही हा संकेत सारखा नसतो, हे निरीक्षण त्या वेळी तपशिलाचा भाग म्हणून नोंदले गेले असले, तरी अशा संकेतावर वाद्य उभारू पाहणाऱ्यांसाठी ते पायाभूत ठरायला हवे होते. 1943 मध्ये फ्युर्थ आणि बीव्हर्स यांनी ‘नेचर’मधून ‘एन्सेफॅलोफोन’ नावाच्या उपकरणाची माहिती दिली, ज्यात मेंदूची विद्युत-नोंद कानाने पारखावी हाच हेतू होता. संगीत हा शब्द अजून कोणी उच्चारलेला नव्हता.

या टप्प्यावर भारताचा संबंध येतो, आणि तो योगाभ्यासाच्या वाटेने येतो. 1957 मध्ये मॅरियन वेंगर आणि बसू बागची हे अमेरिकेतील दोन संशोधक सहज हलवता येणारी नोंदयंत्रे घेऊन भारतात हिंडले व त्यांच्या अभ्यासात लोणावळ्यातील योगविद्यार्थ्यांचाही समावेश होता. त्या गावी स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये स्थापन केलेले कैवल्यधाम योगाचा प्रयोगशाळेतून अभ्यास करणाऱ्या आद्य संस्थांपैकी एक होते. पुढे 1961 मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद, जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या ईईजीवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. समाधीत असलेल्या योग्यांच्या अल्फा लयीवर प्रकाश, मोठा आवाज किंवा तापलेल्या काचनळीचा स्पर्श यांचा परिणाम होत नाही, आणि 4 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात 45 ते 55 मिनिटे हात बुडवून बसलेल्या दोघा योग्यांचीही अल्फा लय टिकून राहते, असे त्यांना आढळले. अमेरिकेत त्याच सुमारास जो कामिया हे आधी शिकागोत व नंतर सॅन फ्रान्सिस्कोत असे दाखवत होते की, अल्फा लय उमटली की स्वर वाजेल अशी व्यवस्था केली, तर सामान्य माणूसही ती लय टिकवून धरायला शिकतो. शरीरातल्या एरवी न जाणवणाऱ्या घडामोडीची वार्ता माणसाला तत्क्षणी देऊन तिच्यावर ताबा मिळवायला शिकवण्याच्या या पद्धतीला ‘बायोफीडबॅक’ म्हणतात. ही वार्ता स्वराच्याच रूपाने द्यावी लागली, कारण अल्फासाठी डोळे मिटलेले असणे हिताचे आणि मिटलेल्या डोळ्यांना दिवा दाखवून उपयोग नाही. वाद्य आणि वादक यांना जोडणारा कान या शास्त्रात असा गरजेपोटी शिरला.

संगीताच्या मंचावर ही लय आणण्याचे श्रेय अमेरिकन संगीतकार अल्विन लुसिए यांचे, आणि त्यामागे एका भौतिकशास्त्रज्ञाचा हात होता. एडमंड डेवन हे मॅसॅच्युसेट्स राज्यात अमेरिकी वायुदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करत होते. स्वतःची अल्फा लय कधी उमटू देऊन तर कधी दाबून ते मोर्स संकेतांनी अक्षरे लिहीत, आणि 1964 मध्ये हा प्रकार दूरचित्रवाणीवरही दाखवला गेला. 1967 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी त्यातली यंत्रणाही प्रांजळपणे उलगडून सांगितली: डोळ्याची दिशा आणि भिंगाची जुळणी बदलली की अल्फा बदलते, म्हणजे ‘विचाराने’ मोर्स अक्षरे लिहिणारा माणूस खरे तर नजर एकाग्र करत होता किंवा सैल सोडत होता. ब्रँडाइस विद्यापीठात शिकवणाऱ्या लुसिए यांना डेवन यांनी आपली यंत्रे देऊ केली, संगीतकार जॉन केज यांनी प्रोत्साहन दिले, आणि 5 मे 1965 रोजी त्या विद्यापीठाच्या रोझ कलासंग्रहालयात ‘म्युझिक फॉर सोलो परफॉर्मर’ ही रचना पहिल्यांदा सादर झाली.

या रचनेची घडण थोडी तपशिलाने पाहण्याजोगी आहे. वादक खुर्चीवर बसतो, त्याच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले जातात, त्यांनी मिळवलेला संकेत प्रवर्धकातून कित्येक पटींनी वाढवला जातो, आणि गाळणीने अल्फाच्या आसपासच्या लहरी तेवढ्या वेगळ्या काढल्या जातात. सेकंदाला दहा कंपने माणसाच्या कानाला स्वर म्हणून ऐकू येत नाहीत, कारण श्रवणाची खालची मर्यादा साधारण 20 कंपनांची आहे. लुसिए यांनी या अडचणीतून मार्ग काढला तो असा की, लाउडस्पीकर त्यांनी ऐकण्यासाठी न वापरता हादरवण्यासाठी वापरले. स्पीकरचा कागदी पडदा अल्फाच्या लयीत पुढे-मागे ढकलला गेला की त्याला टेकवलेले नगारे, घंटा, झांजा, अगदी पुठ्ठ्याचे खोकेसुद्धा थरथरू लागतात. वादक जितका शांत, जितका अंतर्मुख, तितका सभागृहातला गडगडाट वाढतो. त्याने डोळे उघडले, कोणाकडे पाहिले, प्रयत्नपूर्वक काही करायला घेतले, की तालवाद्ये थांबतात. पाश्चात्त्य मैफलीत वादकाच्या कसरतीला जे स्थान होते, ते या रचनेने हिरावून घेतले, आणि काहीही न करता बसलेल्या शरीराला मंचाच्या मध्यभागी आणले. अपंगत्वाचा विचार लुसिए यांच्या मनात त्या वेळी होता असे मानण्याचे कारण नाही. तरीही निश्चल देहाला वादक म्हणून मान्यता देणारी ही आरंभीची रचना होती, आणि तिचे ते ऋण पुढच्या काळात पुरेसे मानले गेलेले नाही.

नंतरच्या दहा वर्षांत मेंदूसंगीताची लाट आली. रोममधील ‘म्युझिका इलेट्रॉनिका व्हिवा’ या गटात रिचर्ड टाइटलबाउम यांनी 1967 पासून मेंदूच्या व हृदयाच्या संकेतांनी मूग सिंथेसायझर वाजवला, फ्रान्समध्ये पिएर आंरी आणि रोझे लाफोस यांनी 1971 च्या सुमारास ‘कॉर्टिकलार’ केले, आणि 1972 मध्ये जॉन लेनन व योको ओनो यांच्यासह हा प्रयोग अमेरिकी दूरचित्रवाणीच्या गप्पांच्या कार्यक्रमातही झळकला. त्यातले बरेचसे काळाच्या ओघात विसरले गेले. त्या अखेरच्या कार्यक्रमातले सूत्रधार डेव्हिड रोझेनबूम यांचे काम मात्र टिकले, कारण अल्फाची लय मोठी करून ऐकवण्यापलीकडचा प्रश्न त्यांनी विचारला. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात रचलेल्या ‘ऑन बीइंग इनव्हिजिबल’ या रचनेत संगणक स्वरांची एक मालिका घडवत जातो, ऐकणाऱ्याला त्यातला कोणता बदल जाणवेल याचा अंदाज बांधतो, आणि तो बदल घडल्यावर ऐकणाऱ्याच्या ईईजीत अपेक्षित प्रतिसाद उमटला की नाही हे तपासतो. विशिष्ट घटनेनंतर ठरावीक वेळाने मेंदूत उमटणाऱ्या अशा प्रतिसादाला ‘घटना-संबद्ध विभव’ म्हणतात. प्रतिसाद उमटला तर ती रचना त्या दिशेने पुढे सरकते, न उमटला तर दुसरी वाट धरते. येथे वादन आणि श्रवण या दोन क्रिया वेगळ्या राहत नाहीत. ज्याकडे कान वळतो तेच वाजत जाते. डोळ्याची मदत न घेणारे हे मेंदूवाद्य त्या काळाच्या संगणकांच्या मानाने फार पुढचे होते, आणि त्यातली सूत्रे पुन्हा हाती घ्यायला तीन-साडेतीन दशके लागली.

दरम्यान मुख्य प्रवाह पुन्हा नजरेकडे वळला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील जाक विदाल यांनी 1973 मध्ये मेंदू आणि संगणक यांच्यातल्या थेट संवादाची कल्पना मांडली व ‘ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस’ हा शब्दप्रयोग रूढ केला. 1977 मधील त्यांच्या प्रयोगात माणूस पडद्यावरच्या बिंदूकडे पाहून एका चक्रव्यूहातून खूण पुढे नेत असे. 1988 मध्ये फारवेल आणि डॉन्चिन यांनी अक्षरांचा तक्ता वापरला, ज्यात ओळी आणि स्तंभ आलटूनपालटून उजळतात आणि हवे ते अक्षर उजळल्यावर सुमारे 300 मिलिसेकंदांनी मेंदूत एक धन विभव उठते, ज्याला ‘पी-300’ म्हणतात. दुसरी पद्धत त्याहून सरळ होती. पडद्यावर निरनिराळ्या वेगाने लुकलुकणारी चित्रे ठेवली आणि माणसाने त्यांतल्या एकाकडे नजर लावली, तर त्याच्या डोक्याच्या मागच्या भागात त्याच वेगाची लहर उमटते. ती मोजली की तो कुठे पाहतो आहे हे कळते. याला ‘एसएसव्हीईपी’ म्हणतात, आणि संगीतासाठी ती अधिक सोयीची ठरली, कारण तिला फारसे प्रशिक्षण लागत नाही.

बीसीएमआयला आजचे रूप देण्यात इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे ब्राझिली वंशाचे संगीतकार एदुआर्दो मिरांडा यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या गटाने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग लंडनच्या पुटनी भागातील रॉयल हॉस्पिटल फॉर न्यूरो-डिसॅबिलिटी येथे झाला होता. 1854 मध्ये ‘असाध्य’ रुग्णांसाठी स्थापन झालेले हे रुग्णालय पक्षाघात, अपघात आणि मेंदूच्या इतर आघातांनंतर दीर्घकाळ शुश्रूषेची गरज असलेल्यांची काळजी घेते. त्यांच्यापैकी काहींना ‘लॉक्ड-इन सिंड्रोम’ असतो, म्हणजे जाणीव आणि बुद्धी शाबूत असूनही हालचाल जवळजवळ पूर्ण बंद झालेली असते व बहुधा डोळ्यांची किंवा पापण्यांची हालचाल तेवढी शिल्लक असते. प्रयोगात अशा एका रुग्णासमोरच्या पडद्यावर चार लुकलुकणारी चित्रे ठेवली होती आणि प्रत्येक चित्र एका स्वरसमूहाशी जोडलेले होते. रुग्णाने थोड्याच सरावात त्यावर पकड मिळवली. या रचनेतले खरे चातुर्य पुढच्या टप्प्यात होते: नजर किती एकाग्र आहे त्यानुसार लहरीची तीव्रता कमीजास्त होते, म्हणून त्या तीव्रतेनुसार स्वरसमूहातला नेमका स्वर निवडला जाई. चार खुणांपैकी एक निवडणे हे बटण दाबण्यासारखेच आहे. त्या निवडीच्या आत सलग चढउताराला जागा ठेवल्याने रुग्णाला आविष्काराचे, आणि चुकण्याचेही, स्वातंत्र्य मिळाले. वाद्य वाजवणे आणि यादीतून गाणे निवडणे यांतले अंतर याच ठिकाणी पडते, आणि या क्षेत्रातल्या कोणत्याही उपकरणाची परीक्षा याच कसोटीवर व्हायला हवी.

या कामातून पुढे ‘पॅराम्युझिकल एन्सेम्बल’ उभे राहिले, ज्याची ‘ॲक्टिव्हेटिंग मेमरी’ ही रचना 2015 मध्ये त्याच रुग्णालयातील चार रुग्ण आणि चार तंतुवाद्यवादक यांनी मिळून सादर केली. प्रत्येक रुग्णासमोर संगीताचे चार छोटे तुकडे खुणांच्या रूपात लुकलुकत असतात. त्याने नजर लावून निवडलेला तुकडा त्याच्या जोडीदार वादकाच्या पडद्यावर स्वरलिपीत उमटतो आणि वादक तो लगेच वाजवतो. यंत्रातून निघणाऱ्या कृत्रिम आवाजापेक्षा जिवंत व्हायोलिनचा स्वर निवडला, यात मिरांडा यांची दूरदृष्टी दिसते. चौघांच्या निवडी एकमेकींत गुंफल्या जाऊन जी मैफल घडली, तिच्यात एरवी उपचार घेणारी माणसे इतरांना काय वाजवायचे ते सांगणारी झाली. रुग्णांपैकी एक जण अपघातापूर्वी व्यावसायिक व्हायोलिनवादक होती आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी तिची निवड वाद्यावर उमटली. या घटनेला प्रसिद्धी बरीच मिळाली, ती रास्तही होती.

याच्या जोडीने ज्या साध्या उपकरणांनी अपंग वादकांसाठी वाटा मोकळ्या केल्या, त्यांचा विसर पडू देणे अन्यायाचे होईल. संगीतकार एडवर्ड विल्यम्स यांनी 1980 च्या दशकात तयार केलेल्या ‘साउंडबीम’मध्ये श्रवणातीत ध्वनीचा झोत असतो व त्यात बोट किंवा मान जराशी हलली तरी स्वर निघतो. 1995 च्या मोटार अपघातात खांद्यांखालचे शरीर निकामी झालेले ट्रम्पेटवादक क्लॅरेन्स अडू यांच्यासाठी रोल्फ गेलहार यांनी डोक्याची हालचाल आणि फुंकर यांवर चालणारे ‘हेडस्पेस’ घडवले. 2007 मध्ये पॉलिन ऑलिव्हेरोस यांनी लीफ मिलर या व्यवसायोपचारतज्ज्ञ व त्यांच्या सहकाऱ्यांसह साध्या संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर चालणारे ‘ऑमी’ हे सॉफ्टवेअर उभारले. यांतल्या कशालाही डोक्यावर टोपी, त्वचेवर जेल आणि बाजूला तंत्रज्ञ लागत नाही. थोडीदेखील भरवशाची हालचाल शिल्लक असेल, तर ईईजीपेक्षा ही वाद्ये अधिक जलद, अधिक अचूक आणि कमी थकवणारी ठरतात, ही गोष्ट मेंदूवाद्याच्या कौतुकात हरवता कामा नये. ज्यांच्यापाशी एवढीही हालचाल उरलेली नाही, त्यांच्यासाठीच मेंदूच्या वाटेला पर्याय नसतो, आणि त्यांच्याच बाबतीत नजरेवर उभारलेली पद्धत डळमळते. लुकलुकणाऱ्या खुणांकडे सतत पाहणे थकवणारे असते, फिट येण्याची प्रवृत्ती असलेल्यांना असा प्रकाश धोक्याचा ठरू शकतो, आणि आजार वाढत गेला की नजर स्थिर ठेवणेही अशक्य होत जाते. सिॲटलच्या टॉमस ड्यूल यांनी 2017 मध्ये जुनेच नाव देऊन नवा ‘एन्सेफॅलोफोन’ पंधरा निरोगी व्यक्तींवर तपासला, तेव्हाही हात हलवण्याची केवळ कल्पना करणाऱ्यांपेक्षा डोळे उघडून-मिटून अल्फा बदलणाऱ्यांना स्वर अधिक अचूक साधला. त्याच वर्षी ऑस्ट्रियातील ग्राझ येथील संशोधकांनी पी-300 पद्धतीने स्वरलिपी लिहिण्याची सोय केली व संगीत जाणणाऱ्या सतरा जणांसह एका व्यावसायिक संगीतकाराने तिचा वापर केला. तीही पडद्यावरच्या तक्त्यातूनच. पी-300 हे केवळ लक्ष देण्याचे चिन्ह आहे, डोळा कुठे आहे याने फरक पडत नाही, असा समज बराच काळ होता. 2010 मध्ये बर्लिनच्या मथियास ट्रेडर आणि बेंजामिन ब्लांकर्ट्झ यांनी त्याला तडा दिला: नजर अक्षरावर न ठेवता नुसते लक्ष दिले, तर तक्त्याची अचूकता घसरते.

डोळ्याऐवजी कानावर विसंबणाऱ्या रचनांचा इतिहास मात्र याहून जुना आहे, आणि तो अंध व्यक्तींच्या गरजेतून निघतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातील एडमंड फुर्निए दाल्ब यांनी 1912 पासून विकसित केलेल्या ‘ऑप्टोफोन’मध्ये छापील अक्षरावरून परावर्तित होणारा प्रकाश सेलेनियम या प्रकाशसंवेदी मूलद्रव्यावर पडून त्यातून अनेक स्वर उमटत, आणि अक्षराच्या आकारानुसार स्वरांची जुळणी बदलत जाई. सुरुवातीच्या यंत्रात कोरा कागद आवाज करी आणि शाई शांत राही. ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीने ते उलटे केले, ज्यामुळे शाई बोलू लागली आणि वाचणे सुकर झाले. मेरी जेमसन या अंध वाचिकेने हे यंत्र अनेक दशके वापरले, 1918 च्या जाहीर प्रात्यक्षिकात मिनिटाला एखादाच शब्द वाचता येण्यापासून सुमारे साठ शब्दांपर्यंत मजल गाठली, आणि स्वरांच्या निवडीबाबत यंत्र घडवणाऱ्यांना सतत सूचना केल्या. ध्वनीने माहिती देण्याच्या शास्त्रात वापरणारी व्यक्तीच रचनाकार असते, याचे हे आद्य आणि आजही उत्तम उदाहरण आहे.

कानाची क्षमता मेंदूच्या अभ्यासातही पुन्हा सिद्ध झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील चेतातज्ज्ञ जोसेफ पारविझी यांनी अवकाशातल्या ध्वनींवर आधारलेली क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यचौकडीची मैफल ऐकल्यावर संगीतकार ख्रिस चाफे यांच्या मदतीने अपस्माराच्या झटक्यातला ईईजी मानवी आवाजाशी मिळत्याजुळत्या ध्वनीत उतरवला, आणि 2018 च्या त्यांच्या अभ्यासात ईईजी वाचण्याचे प्रशिक्षण नसलेले विद्यार्थी व परिचारिकाही तो ऐकून झटका ओळखू शकल्या. काळानुसार बदलणारी लय पकडण्यात कान डोळ्याच्या मागे नाही, हे त्यातून दिसले.

वादनासाठी कानाचा उपयोग करण्याच्या दिशेने 2004 मध्ये जर्मनीतील ट्युबिंगन येथे जेरेमी हिल व सहकाऱ्यांनी डाव्या आणि उजव्या कानात एकाच वेळी वेगवेगळ्या ध्वनिमालिका वाजवल्या, आणि ऐकणारा कोणत्या बाजूकडे लक्ष देतो हे ईईजीवरून ओळखता येते असे दाखवले. याहून संगीताच्या जवळ गेला तो पुन्हा ट्रेडर व ब्लांकर्ट्झ यांचाच 2014 मधील प्रयोग. तीन वाद्ये एकत्र वाजत असताना प्रत्येक वाद्याच्या आवर्तनात अधूनमधून एक छोटा, अनपेक्षित फेरफार घातलेला होता. ऐकणारा ज्या वाद्याकडे कान लावून असेल त्याच्या फेरफारालाच मेंदूत ठळक प्रतिसाद उमटत असल्याने, ते वाद्य कोणते हे संगणकाला कळू शकले. रोझेनबूम यांनी सुमारे साडेतीन दशकांपूर्वी अंदाजाने जे उभारले होते ते येथे मोजमापासह समोर आले, आणि त्यात एक गुण असा होता की निवड करण्यासाठी माणसाला संगीत सोडून दुसरे काहीच करावे लागत नव्हते. लुकलुकणाऱ्या पडद्यावर नजर रोखणारा रुग्ण एकाच वेळी पाहतो आणि ऐकतो, व पाहण्याचा ताण ऐकण्यातून वजा होतो. येथे तो ताण नाहीसा होतो.

मार्च 2022 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हाच मार्ग सर्वांत कठीण परिस्थितीत तपासला. त्या अभ्यासातील दोन संशोधकांचा 2017 मधील एक निबंध नंतर मागे घेतला गेला होता, त्यामुळे हा नवा निबंध तज्ज्ञांनी बारकाईने पारखून घेतला, हेही नमूद करणे आवश्यक आहे. एएलएस, म्हणजे स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी क्रमाने निकामी करणारा आजार, असलेल्या 34 वर्षांच्या एका पुरुषाची डोळ्यांवरचीही हुकमत जवळजवळ संपली होती. त्याच्या मेंदूच्या हालचालींशी संबंधित भागात प्रत्येकी 64 इलेक्ट्रोड असलेले दोन संच शस्त्रक्रियेने बसवण्यात आले. चेतापेशींच्या स्पंदनांचा वेग वाढला की त्याला ऐकू येणारा स्वर चढे, घटला की उतरे. ठरलेल्या वरच्या पट्टीत स्वर धरून ठेवला की ‘हो’, खालच्या पट्टीत धरला की ‘नाही’. अक्षरे त्याला वाचून दाखवली जात आणि तो स्वराने हो-नाही सांगत एकेक निवडत असे, साधारण मिनिटाला एक अक्षर. त्याने अशा रीतीने जी वाक्ये जुळवली त्यांत ‘टूल’ या रॉक संगीतसमूहाचा अल्बम मोठ्या आवाजात ऐकण्याची इच्छाही होती.

या प्रणालीत स्वर चढवणे, उतरवणे आणि कानाने ऐकून सावरणे एवढ्या तीन गोष्टी आहेत, आणि नवशिक्या गायकाचा गळाही याच वाटेने तयार होतो. संशोधकांनी तिच्या दोन टोकांना हो आणि नाही हे अर्थ दिले, कारण बोलणे ही आधीची गरज होती. संगीतासाठी त्या दोन टोकांच्या मधल्या जागेत आणखी किती स्वर स्थिर धरता येतात, एका स्वरावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागतो, किती वेळाने थकवा येतो, आणि ऐकू येणाऱ्या स्वराचा पोत, जोर व ठिकाण बदलल्याने ही पकड सुधारते का, हे अशा वादकांबरोबर बसून, त्यांच्या सूचनेने, मोजावे लागेल.